मनीऑर्डरीला कोणी ‘फुकटचा पैसा’ म्हणाले नव्हते



बंगळूरच्या जे. पी. नगरात आमच्या आसपास रेल्वे आणि पोस्टातली काही मराठी कुटुंबे राहतात. कोणी बेळगाव-खानापूरकडचे, कोणी मिरज-सोलापूरकडचे. चार माणसे जमली की हल्ली एक विषय हमखास निघतो. कर्नाटकात ‘गृहलक्ष्मी’ आणि महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ आल्यापासून खेड्यातली माणसे आळशी झाली, शेतात मजूर मिळेनासा झाला, पैसा दारूत जातो, आणि हे सगळे आपल्या इन्कमटॅक्समधून चालते! हे कोणी कारखानदार बोलला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण हे आमचेच सभासद बोलतात. ज्यांनी लाल झेंडा खांद्यावर घेऊन मोर्चे काढले, ज्यांचे वडील १९७४ च्या संपात बडतर्फ झाले, ते बोलतात. म्हणून लिहिणे भाग आहे.

ज्यांच्या नावाने हे नगर वसले ते जयप्रकाश नारायण १९४७ ते १९५३ या काळात ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. पोस्टमन आणि पोस्टातल्या खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेचेही ते अध्यक्ष होते. त्यांच्या नावाच्या नगरात राहून गरिबाच्या ताटातल्या घासावर नजर ठेवणे आपल्याला शोभत नाही.

पोस्टमन बंधूंना विचारा

गरिबाच्या घरी रोख पैसा गेला की काय होते, हे समजून घ्यायला अर्थशास्त्र्याकडे जायची गरज नाही. ते पोस्टमनला माहीत आहे. १८८० साली पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ कोकणातली आणि साताऱ्याच्या डोंगराळ भागातली गावे मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर जगली. पोस्टमन दारात उभा राहून नोटा मोजून द्यायचा, कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवायचा, आणि म्हातारीचा अंगठा घ्यायचा. त्या पैशाचे काय होत असे? दुकानदाराची उधारी फिटे, कौले शाकारली जात, पोराची फी भरली जाई, बियाणे येई, सणाला गोडधोड होई. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि ती मनीऑर्डर आटली, तेव्हा त्या पैशाने गावात काय काय उभे होते ते सगळ्यांना कळले.

गिरणी कामगाराने पाठवलेल्या पैशाने बायको आळशी झाली, असे कोणी म्हणाले नाही. आमच्यापैकी कितीतरी जण त्याच मनीऑर्डरीवर मॅट्रिक झाले. आता तेवढाच पैसा सरकारकडून त्याच बाईच्या खात्यात आला की तिची अक्कल जाते काय?

पैशाचे होते काय?

कर्नाटक सरकारने ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूर येथे ‘गृहलक्ष्मी’ सुरू केली. कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात महिन्याला २००० रुपये. ती किंवा तिचा नवरा इन्कमटॅक्स भरत असेल तर ती अपात्र. सुमारे सव्वा कोटी बायकांना हा पैसा जातो. आता हिशेब करा. २००० रुपये म्हणजे दिवसाला ६६ रुपये. पाच माणसांच्या घरात माणशी १३ रुपये. जे. पी. नगरातल्या हॉटेलात तेवढ्यात धड चहासुद्धा मिळत नाही. आणि एवढ्यावर माणूस काम सोडून घरी बसेल, असे म्हणायचे!

बेळगाव, खानापूर, लोंडा या बाजूला युनियनच्या कामासाठी आमचे जाणे-येणे असते. आमच्या ट्रॅकमन बांधवांच्या आया-बहिणींना आम्ही विचारले आहे. उत्तर सगळीकडे साधारण एकच. रेशनचा तांदूळ मिळतो, पण तेल, डाळ, तिखट-मीठ, गॅस यांना पैसा लागतो, तो यातून. ब्लडप्रेशरच्या आणि साखरेच्या गोळ्या, ज्या पूर्वी महिन्यातले दहा दिवस घ्यायच्या आणि वीस दिवस सोडायच्या, त्या आता पुऱ्या घेतात. पोरीची परीक्षा फी, वह्या, एस.टी.चा खर्च. खत-बियाण्याच्या वेळी दोन हप्ते साठवून ठेवतात. कोणी शेळी घेतली, कोणी शिलाई मशीन. आणि फार मोठा भाग जातो तो कर्जाच्या हप्त्याला. मायक्रोफायनान्सवाले दर आठवड्याला दारात येतात. त्यांची वसुली इतकी बेबंद झाली की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. ज्या घरात हप्ता चुकला की भांडी बाहेर फेकली जातात, त्या घरात २००० रुपये म्हणजे अब्रू आहे.

वर्तमानपत्रांनी छापलेली उदाहरणेही आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या एका आजीने २०२४ साली साठवलेल्या हप्त्यांतून गावाला पुरणपोळीचे जेवण घातले. रायबाग तालुक्यात एका बाईने गावातल्या मुलांसाठी वाचनालय उभे केले. गदग जिल्ह्यातल्या गजेंद्रगडात सासू-सुनेने दोघींचे पैसे एकत्र करून, मुलाची भर घेऊन, शेतात कूपनलिका खोदली. ज्या बाईच्या हातात आयुष्यभर स्वतःचा पैसा नव्हता, तिच्या हातात तो आल्यावर तिने काय केले पाहा. पुरणपोळीवर नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या घरच्या लग्नात किती पंगती उठवल्या ते आठवावे.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. २०११ साली मध्य प्रदेशात ‘सेवा’ या महिला कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने प्रयोग केला. आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला, कोणतीही अट न घालता, प्रौढाला महिना २०० आणि मुलाला १०० रुपये दिले. पुढे ते ३०० आणि १५० केले. ज्या गावांना पैसा दिला नव्हता अशा बारा गावांशी तुलना केली. पैसा मिळालेल्या गावांत खाणे सुधारले, मुलींची वजने सुधारली, शाळेतली हजेरी वाढली, गुरे-शेळ्या वाढल्या, कर्ज कमी झाले. दारू वाढली नाही. काम कमी झाले नाही. उलट लोक दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात राबू लागले. जागतिक बँक ही काही आपली मित्र नव्हे. पण तिच्याच अभ्यासकांनी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या अशा योजनांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांनाही दिसले नाही.

कोणत्याच घरात दारूडा नवरा नाही आणि तो पैसे हिसकावत नाही, असे आमचे म्हणणे नाही. तसे नवरे रेल्वे क्वार्टरांतही आहेत. म्हणून आमचा पगार बंद करा, असे कोणी म्हटले तर आम्ही ऐकून घेऊ काय?

राहिला प्रश्न मजूर न मिळण्याचा. मजूर मिळत नाही याचा अर्थ, पूर्वीच्या मजुरीत मिळत नाही. घरात महिन्याचे थोडे धान्य-तेल निश्चित असले की बाई पडेल त्या भावाला राबायला नाही म्हणू शकते. ही तक्रार मालकाने करावी. युनियनच्या माणसाने त्यावर पेढे वाटावेत.

रेवडी कोणाची आणि ओझे कोणाचे?

जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी’ हा शब्द वापरला आणि तो सगळ्यांच्या तोंडी बसला. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडला, हे सरकारनेच सांगितले. गृहलक्ष्मीचा वर्षाचा खर्च सुमारे २८ हजार कोटी, म्हणजे त्याच्या पाचवा हिस्सा. कंपनीला सोडलेला पैसा ‘प्रोत्साहन’ आणि सव्वा कोटी बायकांना दिलेला पैसा ‘रेवडी’, हा शब्दकोश कोणी लिहिला?

आणि बंधूंनो, हीच भाषा उद्या आपल्यावर येते, आलेलीच आहे. बोनस मागितला तेव्हा आपल्याला लाडावलेले म्हटले. रेल्वेला १९७९ साली बोनस मिळाला तो कोणाच्या दयेने नव्हे. पेन्शनला ‘तिजोरीवरचे ओझे’ म्हणत १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन काढून घेतली. पेन्शन ही खैरात नव्हे, हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सांगितले, आणि तो दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. मग त्याच दिवशी संध्याकाळी खेड्यातल्या विधवेच्या १५०० रुपयांना खैरात म्हणायचे, हे कोणत्या तोंडाने?

पण आम्ही टाळ्या पिटत नाही

आमच्या या लिहिण्याचा कोणी असा अर्थ काढू नये की सरकारांनी खात्यात पैसे टाकले म्हणजे त्यांचे कर्तव्य संपले. आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती कडक आहे.

पहिली गोष्ट, रोकड ही धान्याची आणि कामाची जागा घेऊ शकत नाही. केंद्राने जादा तांदूळ विकायला नकार दिला, तेव्हा २०२३ च्या जुलैमध्ये कर्नाटकाने ‘अन्नभाग्य’मधल्या वाढीव पाच किलो तांदळाऐवजी किलोला ३४ रुपये, म्हणजे माणशी १७० रुपये खात्यात टाकले. बाजारात त्या भावाने बरा तांदूळ मिळेना. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारला रोकड सोडून पुन्हा तांदळावर यावे लागले. कामाचेही तसेच. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली महाराष्ट्राने केला, २००५ साली देशाने केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो बाजूला सारून नवा कायदा आणला आणि खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर ढकलला. एका हाताने १५०० द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काम काढून घ्यायचे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

दुसरी गोष्ट, रक्कम. आपल्याला वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढवून मिळतो, आणि एखादा महिना उशीर झाला तरी आपण निदर्शने करतो. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाच्या गरिबासाठी केंद्राचा वाटा २००७ सालापासून महिना २०० रुपये आहे. दोनशे! राज्ये आपली भर घालतात म्हणून ती माणसे तगली. पी.एम. किसानचे वर्षाला ६००० रुपये २०१९ साली होते, २०२५ सालीही तेवढेच. शिवाय ते सातबारा असणाऱ्याला. जी भूमिहीन बाई त्याच शेतात खुरपते तिला काही नाही.

तिसरी गोष्ट, निवडणुकीचा बाजार. लाडकी बहीण योजनेचे पैसे ऑगस्ट २०२४ मध्ये खात्यांत पडू लागले, नोव्हेंबरात मतदान झाले. तेव्हा १५०० चे २१०० करू म्हणाले. २०२५ साल उलटले, रक्कम १५०० वरच राहिली. मतदानाआधी अर्ज डोळे झाकून घेतले, मग छाननी निघाली, तेव्हा हजारो पुरुष आणि सरकारी नोकरीतल्या बायकाही यादीत सापडल्या. ज्यांनी पगार असताना तो पैसा घेतला त्यांची बाजू आम्ही घेणार नाही, मग त्या कोणत्याही युनियनच्या असोत. पण त्यांच्या पापासाठी खऱ्या गरीब बाईला ई-केवायसीच्या रांगेत उभे करून तिचा हप्ता अडकवणे हा अन्याय आहे. कर्नाटकातही हप्ते महिनोन्‌महिने रखडले. आपला पगार एक दिवस उशिरा झाला तर आपण काय करू?

चौथी गोष्ट थेट पोस्टातल्या बंधूंची. बँकेची शाखा जिथे नाही तिथे आज हा पैसा बाईच्या हातात कोण देतो? ग्रामीण डाक सेवक. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हापासून तो मोबाईल आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन वाड्या-वस्त्या फिरतो. भांडी घासून, खुरपून रेषा झिजलेला अंगठा यंत्र घेत नाही, तेव्हा शिव्या तोच खातो. नेटवर्क नसले तर टेकडीवर तोच चढतो. आणि त्याला स्वतःला? जून २०१८ च्या आदेशाप्रमाणे चार तासांच्या डाक सेवकाचा मूळ भत्ता दरमहा १०,००० रुपये ठरला, आणि खात्याचा नियमित कर्मचारी म्हणून मान्यता अजून नाही. गरिबाला मदत पोचवणारा माणूस स्वतःच अर्धपोटी ठेवायचा!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गरीब कुटुंबांना मिळणारी प्रत्येक रक्कम महागाईच्या निर्देशांकाशी जोडा, जशी आमची जोडली आहे. हप्त्याची तारीख ठरवा आणि पाळा. रेशन आणि रोजगाराची हमी काढून त्याजागी रोकड देऊ नका. बाईच्या हप्त्यातून बँकेने थकलेले कर्ज परस्पर कापून घेता कामा नये. अंगठा न जुळल्यास सहीवर किंवा दोन साक्षीदारांवर पैसे द्या. ग्रामीण डाक सेवकांना नियमित करा.

आणि आपल्या शाखांसाठी एक काम. पुढच्या शाखा सभेत हा विषय घ्या. प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या दोन गावांत जावे, ज्यांचे हप्ते अडले आहेत त्यांचे अर्ज लिहून द्यावेत, तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर उभे राहावे. आपल्याला फॉर्म भरता येतात, साहेबासमोर बोलता येते. ही विद्या आपल्याला युनियनने दिली. ती ज्यांच्याकडे नाही त्यांच्या कामी यायला हवी. नऊ-दहा हजारांत घर चालवणाऱ्यांना आपण परके मानले, तर उद्या आपली पेन्शन वाचवायला रस्त्यावर कोणी येणार नाही.

कामगार-कष्टकरी एकजुटीचा विजय असो!