वीणा : एक नाव, अनेक रूपे

वाद्ये बदलतात, नावे मात्र टिकून राहतात. ‘वीणा’ हाच शब्द पाहा. चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर सम्राटाच्या मांडीवर जी वीणा दिसते, ती धनुष्याकृती आहे. ग्रीकांच्या ‘लायर’ची ती दूरची बहीण शोभावी. पुढे पडद्यांच्या वीणा आल्या, त्यांनीही तेच नाव घेतले. उत्तरेत त्याचे ‘बीन’ झाले. त्या नावाने रुद्रवीणाही ओळखली जाते आणि गारुड्याची पुंगीही! ‘लायर’वरून इंग्रजीत ‘लिरिक’ आले, त्याला मराठीत ‘वीणाकाव्य’ म्हटले गेले.

आमच्या जोयडा तालुक्यातील मराठी मुलांपुढे या शब्दाचे दोन अर्थ उभे असतात. कन्नडमधील ‘वीणे’ म्हणजे चोवीस पडद्यांची सरस्वतीवीणा. मराठी घरात मात्र वीणा म्हणजे सप्ताहात अहोरात्र झंकारणारी, खाली न टेकता एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाणारी वारकऱ्यांची वीणा. तिला राग आळवायचा नसतो, नामाला सूर द्यायचा असतो. पहिला अर्थ शाळेत कळेल. दुसरा वडीलधाऱ्यांनीच मुलांच्या स्वाधीन करावयाचा आहे, त्या वीणेसारखाच, मध्ये कोठेही खाली न ठेवता.