नफ्याचा विटाळ आणि नियतकालिकाचे रूप

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘यशस्वी’ हे विशेषण संशयास्पद आणि ‘फायदेशीर’ हे विशेषण जवळजवळ निंदाव्यंजक मानले जाते. एखादे नियतकालिक खपले, त्यावर त्याच्या चालकाचा चरितार्थ चालला, तर तेवढ्यावरून त्यातील लेखन ‘लोकप्रिय’ या कोटीत ढकलण्यात येते. आणि तेच कर्जात बुडून बंद पडले, तर त्याचे बंद पडणे हाच त्याच्या वाङ्मयीन मूल्याचा पुरावा ठरतो. याच्या दुसऱ्या टोकाला अलीकडच्या काळात फोफावलेले मार्गदर्शनपर साहित्य उभे आहे. स्वतःचे प्रकाशनमाध्यम उभारा, विषयाचा एक अरुंद पट्टा निवडा, नेमाने लिहा, वाचक मोजा, जाहिरातदार मिळवा आणि नफा कमवा, असा त्याचा उपदेश असतो. पहिल्या भूमिकेला नफ्याचा विटाळ होतो, तर दुसरी त्यातच मोक्ष पाहते.

वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही भूमिकांचे गृहीतक मात्र एकच आहे. लेखन आधी सिद्ध होते आणि पैसा त्याला नंतर भेटतो, असे दोघीही मानतात. मर्ढेकरांपासून दृढ होत गेलेल्या स्वायत्ततावादी सौंदर्यविचाराने पैशाला कलाकृतीच्या बाहेर ठेवले. आणि लघुनियतकालिकांच्या चळवळीने प्रस्थापितांच्या बाजारावर जो हल्ला केला, त्याचे पुढे एका सोयीस्कर नीतिवचनात रूपांतर झाले. नियतकालिकात प्रकट होणाऱ्या लेखनाचे रूप ते कोणाच्या पैशावर उभे आहे यावरून पुष्कळ अंशी घडते, हा साधा मुद्दा या दोन्ही परंपरांतून निसटला. नफा किती झाला, यापेक्षा तो कोणाकडून झाला, हा समीक्षेचा प्रश्न आहे. आणि तो हिशेबतपासनिसाचा प्रश्न समजून समीक्षेने आजवर टाळला आहे.

२

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ या दृष्टीने पुन्हा वाचावी लागते. जानेवारी १८७४ मध्ये सुरू झालेले हे मासिक जवळजवळ सर्वस्वी एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरले आणि त्याचे ८४ अंक निघाले. मराठी गद्याच्या इतिहासातील तिचे स्थान सर्वमान्य आहे. परंतु हा इतिहास ‘निबंधमाला’ ग्रंथ म्हणून वाचतो; महिन्याच्या महिन्याला वर्गणीदाराच्या घरी जाणारा अंक म्हणून वाचत नाही.

तत्पूर्वीच्या मराठी गद्याचा एक मोठा आश्रयदाता सरकार हा होता. १८५१ मध्ये स्थापन झालेली दक्षिणा प्राइज कमिटी आणि शिक्षणखाते यांच्या आधाराने भाषांतरे व क्रमिक पुस्तके निर्माण झाली. पैसे देणारा अधिकारी असला, की गद्याला उपयुक्तता, निर्दोषता आणि सौम्यता हे गुण अंगी बाणवावे लागतात. त्या काळच्या बऱ्याचशा गद्याचा बोधपर, व्यक्तित्वहीन स्वर यातून समजतो. स्वतः विष्णुशास्त्री शिक्षणखात्याच्या आश्रयाने चालणाऱ्या ‘शालापत्रका’चे संपादन करीत होते. ते १८७५ मध्ये बंद झाले. ‘माले’ला असा आश्रय नव्हता, तिचा आधार वर्गणी हा होता.

वर्गणीदाराचा व्यवहार तात्त्विकदृष्ट्या विलक्षण आहे. जे अद्याप लिहिलेलेच नाही, त्याचे पैसे तो आगाऊ देतो. पुढल्या अंकाचा विषय त्याला ठाऊक नसतो. तेव्हा तो विकत घेतो ते विषयाला नव्हे, एका आवाजाला. ‘निबंधमाले’च्या शैलीची म्हणून जी वैशिष्ट्ये सांगितली जातात, ती या व्यवहाराच्या प्रकाशात निराळी दिसू लागतात. वाचकाला विश्वासात घेणारी सलगी, मूळ विषय सोडून केलेली दीर्घ विषयांतरे, अनेक अंकांतून लांबत जाणारे निबंध, एका महिन्यात उकरून काढलेला वाद पुढच्या महिन्यासाठी धगधगता ठेवण्याची हातोटी, हे सारे विष्णुशास्त्र्यांच्या स्वभावातून आले असे म्हणून समीक्षा थांबते. स्वभाव होताच, पण तो छापून येण्याजोगा झाला तो वर्गणीमुळे. विष्णुशास्त्र्यांनी डॉ. जॉन्सनवर ‘माले’त प्रदीर्घ निबंध लिहिला, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. ‘रॅम्ब्लर’ हे निबंधपत्र बहुतांशी एकट्याने चालविणाऱ्या आणि १७५५ मध्ये लॉर्ड चेस्टरफील्डचा उशिरा आलेला आश्रय पत्राने झिडकारणाऱ्या या लेखकात, आश्रयदात्याकडून वाचकाकडे जाणाऱ्या लेखकाचा आदर्श त्यांना सापडत होता.

विष्णुशास्त्र्यांनी १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडली. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि किताबखाना हे उद्योग त्यांनी सहकाऱ्यांसह उभारले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. छापखाना, पुस्तकांचे दुकान, रंगीत चित्रांची विक्री आणि नियतकालिक यांची ही साखळी म्हणजे स्वतंत्र लेखनासाठी उभारलेली अर्थव्यवस्थाच होय. स्वतःला ‘मराठी भाषेचे शिवाजी’ म्हणविणाऱ्या या लेखकाला किल्ल्यांइतकीच कोठारांची गरज कळली होती. वाङ्मयेतिहासाने मात्र निबंध तेवढे शैलीविचाराच्या प्रकरणात घेतले आणि दुकाने चरित्राच्या तळटीपेत टाकली.

३

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. वर्गणीदार हाही धनीच असतो, आणि त्याची मर्जी सांभाळणे हेही दास्यच. हा आक्षेप खरा आहे. किंबहुना तो जितका गंभीर आहे तितका आक्षेपकांनाही वाटत नाही. ‘निबंधमाले’ने फुले आणि लोकहितवादी यांच्यावर जी जहरी टीका केली, ती मुख्यतः ज्या वर्गाला आवडणार होती, त्याच वर्गाला वर्गणी भरणे परवडत होते. वाचू शकणारा, पैसे देऊ शकणारा आणि निबंधात ‘आपण’ म्हणून संबोधिला जाणारा, हे तिघे बव्हंशी एकाच जातीवर्गातले होते. ‘माले’तील प्रथमपुरुषी अनेकवचनाची व्याप्ती व्याकरणाने नव्हे, वर्गणीदारांच्या यादीने ठरविली होती.

या यादीबाहेरच्या समाजासाठी कोणी एकहाती पत्र चालवू गेला तर काय होते, याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रकारितेत मिळते. जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले ते शाहू महाराजांनी दिलेल्या अर्थसाहाय्यामुळे. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, ही गोष्ट आंबेडकरी चळवळीच्या इतिहासलेखनात नोंदलेली आहे. पैसा सर्वांचा सारखा असतो, ही बाजाराची प्रौढीदेखील जातिव्यवस्थेपुढे टिकली नाही. शीर्षकातील ‘विटाळ’ हा शब्द या अर्थाने निव्वळ अलंकार नाही.

१९२७ मध्ये सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारता’चे बहुतेक लेखन आंबेडकरांनी स्वतः केले. एकाच लेखकाची लेखणी, ठरावीक काळाने निघणारा अंक, प्रखर वादपटुता, ही लक्षणे ‘माले’चीच, फरक आहे तो वाचकाच्या खिशाचा. १९२८ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ हा लेख लिहिला. पत्र चालविण्याचे आर्थिक ओझे समाजाने उचलावे, हा त्याचा विषय. असे लेख म्हणजे चालकाची व्यवहारी विनंती, असे समजून समीक्षा ते ओलांडून जाते. वस्तुतः येथे पत्राची आर्थिक स्थितीच निबंधाचा आशय झाली आहे. ऋण कोणाचे, लौकिक म्हणजे काय, वाचकाचे लेखनाप्रत कर्तव्य कोणते, हे प्रश्न तेथे अपरिहार्यपणे उपस्थित होतात. आणि ते वाङ्मयव्यवहाराच्या सिद्धान्ताचे प्रश्न आहेत. ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडले. या बंद पडण्याचे सौंदर्यीकरण करणे हा त्या वाचकाचा अपमान ठरेल, कारण त्याला गरज होती ती चालू राहणाऱ्या पत्राची.

पिएर बूर्दिअच्या ‘उलट्या अर्थव्यवस्थे’चा उल्लेख आपल्याकडे अधूनमधून होतो. वाङ्मयक्षेत्रात आर्थिक तोटा हा प्रतिष्ठेचा लाभ ठरतो, एवढेच त्यातून उचलले जाते. असा तोटा दीर्घकाळ सोसण्यासाठी वाडवडिलांची मिळकत लागते, हा त्याच विवेचनातील उत्तरार्ध मात्र सोडून दिला जातो. महाराष्ट्रात मिळकतीच्या जोडीला नोकरीही येते. दरमहा निश्चित वेतन घेणाऱ्या प्राध्यापक-समीक्षकाने नफ्याकडे तुच्छतेने पाहणे सोपे असते. ज्याला लेखनावरच जगायचे आहे, त्याला ती चैन परवडत नाही.

४

वर्गणीदाराची जागा जाहिरातदाराने घेतली, की व्यवहाराचा कर्ता बदलतो. डॅलस स्माइदने १९७७ मध्ये मांडलेला मुद्दा येथे निर्णायक आहे: जाहिरातीवर चालणारे माध्यम जो माल विकते, तो माल म्हणजे प्रेक्षक किंवा वाचक होय. वर्गणीच्या व्यवहारात वाचक हा ग्राहक असतो. जाहिरातीच्या व्यवहारात तो विकला जातो. दोन्ही ठिकाणी नफाच आहे. परंतु पहिल्या ठिकाणी लेखनाला वाचकाचा विश्वास कमवावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी त्याचे केवळ लक्ष गोळा करावे लागते.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. या प्रथेने मराठी कथेला आणि कवितेला जे दिले त्याची गणना नेहमी होते. पण वर्षाकाठी कथा कधी लिहावी, ती किती लांबीची असावी आणि एका अंकात कोणकोणत्या रुचींचे लेखन शेजारीशेजारी बसावे, याचे वेळापत्रक खरेदीच्या हंगामाशी बांधले गेले, ही गोष्ट कथेच्या रूपविचारात क्वचितच येते. याच्याशी तुलना करावी ती १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकाची. ‘पण लक्षात कोण घेतो’ तेथे क्रमशः प्रसिद्ध झाली; दर आठवड्याला परतणाऱ्या वाचकाशिवाय यमूच्या निवेदनातील तो संथ, साचत जाणारा काळ संभवला नसता.

जाहिरात म्हणजे अधःपात, असे सरसकट समीकरण मांडणेही चूक ठरेल. ‘किर्लोस्कर’ मासिकाचा उगम १९२० मध्ये एका कारखान्याच्या वार्तापत्रात झाला, आणि त्याच मासिकाने पुढे शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली बुद्धिवादाला आणि अंधश्रद्धाविरोधी लेखनाला हक्काची जागा दिली. लोखंडी नांगर विकणाऱ्या उद्योगाला यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस हवा होता, आणि विवेकवादी लेखकालाही तोच माणूस हवा होता. दोघांचे हित जुळले तेवढ्या प्रदेशात लेखन मुक्त राहिले. असे जुळणे हा माध्यमाचा नियम नव्हे. तो एका ऐतिहासिक क्षणाचा लाभ होता.

आज पडद्यावरच्या लेखनाचे मोल पुष्कळदा ते किती वेळा उघडले गेले यावर ठरते. अशा व्यवहारात मथळा लेखाहून मोठा होतो, परिच्छेद आखूड होतो, जे शब्द लोक शोधतात तेच शब्द पुन्हापुन्हा पेरले जातात, आणि लेख वाचला जाण्यासाठी नव्हे तर सापडण्यासाठी रचला जातो. यशाचे मार्गदर्शक या साऱ्याला तंत्र म्हणतात. समीक्षक त्याला अभिरुचीचा ऱ्हास म्हणतात. वास्तविक ते एका विशिष्ट धन्याने घडविलेले रूप आहे, आणि धनी बदलला की ते बदलते.

५

समीक्षेची खरी अडचण याहून जवळची आहे. सरकार, वर्गणीदार आणि जाहिरातदार यांच्याखेरीज चौथा एक पैसे देणारा आता अवतरला आहे, तो म्हणजे खुद्द लेखक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकाच्या लेखनाला गुणांकांत मोजण्यास सुरुवात केली. २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ सूची आली आणि २०२५ मध्ये ती रद्दही झाली. या काळात शोधनिबंध छापण्यासाठी लेखकाकडूनच शुल्क घेणारी नियतकालिके वाढली. सूची गेली, सवय राहिली.

या व्यवहाराचे रूपही तपासण्याजोगे आहे. वाचकाला येथे कोणतेच कार्य उरत नाही. तो पैसे देत नाही आणि विकलाही जात नाही. म्हणून असा निबंध कोणाला उद्देशून लिहिलेलाच नसतो. प्रस्तावना, संकल्पना, उद्दिष्टे, निष्कर्ष अशी त्याची ठरीव चौकट असते. वाद नसतो, कारण वादाला प्रतिपक्ष लागतो आणि प्रतिपक्षाला आधी वाचक व्हावे लागते. शासकीय आश्रयाखालच्या ज्या व्यक्तित्वहीन गद्यापासून ‘निबंधमाले’ने मराठीला सोडविले, तेच गद्य दीडशे वर्षांनी विद्येच्या नावाने परतले आहे. बाजारू लेखनावर आसूड ओढणारी समीक्षा या पानांवर पैसे मोजून छापली जात असेल, तर नफ्याच्या विटाळाला ढोंग म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

६

नियतकालिकांच्या अभ्यासाची सामग्रीच या ढोंगाने नष्ट होत आहे. ग्रंथालयांत जुन्या अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जातात. ‘मजकूर’ तेवढा राखला जातो. वर्गणीच्या वह्या आणि थकबाकीची स्मरणपत्रे संपादकांच्या पश्चात रद्दीत जातात. त्यांच्यावाचून जो वाङ्मयेतिहास लिहिला जातो, त्यात लेखक असतात, संपादक असतात, वादही असतात. मात्र वाचक कोठेच नसतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘नियतकालिकांचे योगदान’ असा एक घटक असतो. त्याखाली स्थापनावर्षे, संपादकांची नावे आणि प्रसिद्ध लेखकांच्या याद्या पाठ केल्या जातात. त्याऐवजी एका नियतकालिकाचे एका वर्षाचे सगळे अंक, जाहिरातींसकट आणि वर्गणीच्या विनंत्यांसकट, विद्यार्थ्यासमोर ठेवावेत; आणि यातले कोणते वाक्य कोणाच्या पैशाने शक्य झाले, हे त्याला विचारावे. या प्रश्नाची सवय ज्याला लागेल, तो यशाच्या मार्गदर्शकांना भुलणार नाही, आणि दारिद्र्याची आरतीही करणार नाही. मराठीत स्वतंत्र बुद्धीने लिहून जगू पाहणाऱ्या उद्याच्या लेखकाला समीक्षेकडून निदान एवढे तरी मिळाले पाहिजे: कोणाचे पैसे घेतले असता काय लिहिता येते आणि काय लिहिता येत नाही, याचा नितळ हिशेब.