हसलेले अनारसे आणि कुलपातले आकडे

विद्या दिल्याने वाढते असे सभेत सांगावयाचे आणि घरी येऊन वहीला कुलूप घालावयाचे, ही आमची जुनी रीत. वैद्यबुवा रामबाण मात्रा बरोबर घेऊनच सरणावर चढावयाचे. गवई पोटच्या पोरालाही चीज पुरी द्यावयाचा नाही. त्यांचे सोडा. पण ज्यांनी शास्त्राचा वसा घेतला, त्यांनीही हेच करावे? माझे भांडण आहे ते त्यांच्याशी.

वाचकहो, प्रयोगाचा निष्कर्ष थाटाने छापून येतो. पण तो ज्या आकड्यांवरून काढला, ते आकडे कुठे असतात? पुष्कळदा कुणाच्या तरी कपाटात. आणि प्रयोग फसला असेल, तर त्याचे नावच नको! त्यापेक्षा आमच्या आयाबहिणी खऱ्या शास्त्रज्ञ. अनारसे तुपात हसले, तर त्या शेजारणीला मोकळेपणी सांगतात, "अहो, माझा गूळ जास्त झाला, तुम्ही बेताने घाला." एकीचा घाणा फसतो आणि साऱ्या आळीचे अनारसे वाचतात.

हा विनोद नव्हे. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आम्हा नांदुरेकरांना काही परका नाही. कर्ज काढून बोअर घ्यावी आणि खारे पाणी लागावे, हे दुःख या भागाला ठाऊक आहे. माणूस कपाळाला हात लावून घरी येतो; किती फुटांवर काय लागले, हे कुणी लिहून ठेवीत नाही. मग पलीकडच्या शिवारातला दुसरा त्याच आशेने त्याच खड्ड्यात पैसा ओततो. न सांगितलेल्या आकड्याचा दंड शेवटी भरतो तो सातबाऱ्याचा धनी!

आकडे उघडे ठेवल्याने काय घडते, ते पाहावयाचे तर जुन्नर तालुक्यातील खोडदला जावे. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. निरीक्षण करणाऱ्याला काही मुदत द्यावयाची आणि मग ती नोंद सर्वांना खुली करावयाची, असा तेथला दंडक. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने आकाशाची मोठी पाहणी केली. त्याच कच्च्या नोंदी पुढे परदेशी बसलेल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी नव्या रीतीने गाळल्या आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे ठेवली. २०१८ साली हॉलंडमधील लायडनच्या एका विद्यार्थ्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच यादीच्या आधारे तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका शोधली. वही कुलपात असती, तर?

"पण कुणी चोरील ना!" असा एक साळसूद आक्षेप असतो. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ साली झेनोडो नावाचे भांडार उघडले. तेथे कुणालाही आपल्या नोंदी फुकट ठेवता येतात; प्रत्येकीला कायमचा क्रमांक मिळतो, त्याखाली नाव आणि तारीख राहते. ज्या आज्ञावलीवर ते चालते, तीही सर्वांना खुली आहे. चोर पकडावयाला याहून मोठा साक्षीदार कोणता? कपाटातल्या वहीची साक्ष मात्र वाळवीखेरीज कुणी देणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, लोक भलते निष्कर्ष काढतील. काढू द्या! आकडे समोर असले म्हणजेच चूक दाखविता येते.

तिसरे लोक म्हणतात, "मास्तर, हे विद्वानांचे काम. आपण काय देणार?" मी स्वतः मॅट्रिक; कादंबऱ्या लिहितो आणि पोरे शिकवितो. पण पर्जन्यमापकाच्या नळीला पदवी लागत नाही. रोजचा पाऊस, विहिरीची पातळी, पाण्याचा खारटपणा, कपाशीतल्या कामगंध सापळ्यात सापडलेले पतंग, हे सारे आठवीचा विद्यार्थी मोजू शकतो. मात्र कशाने मोजले, कोणत्या वेळी, कोणत्या मापात, हेही लिहावे. शेतकऱ्याचे नाव त्याच्या संमतीवाचून घालू नये. आणि मोजणे चुकले, तर खाडाखोड न करता चुकले असे लिहावे.

आमच्या विज्ञान प्रदर्शनांत दरसाल तोच पुठ्ठ्याचा ज्वालामुखी धूर ओकतो आणि बक्षीस घेऊन माळ्यावर जातो. त्याच्या जागी एका गावच्या विहिरींची वर्षभराची नोंद का असू नये? ती जगाच्या भांडारात का जाऊ नये? दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन, पालकहो, एवढे एकदा विचाराच.