तारे इमारतीला, पाणी-माती आपली



आपल्यातले कितीतरी जण पिंपरी-चिंचवडला बिगारीला जातात, चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात. तिथं नव्या इमारतींवर 'ग्रीन बिल्डिंग'च्या पाट्या दिसतात. हिरवी इमारत म्हणजे हिरवा रंग दिलेली नव्हे. वीज कमी, पाणी कमी, माल शक्यतो जवळचा, उजेड-वारा मोकळा, पावसाचं पाणी साठवलेलं, असं बांधकाम. त्याला गुण देण्यासाठी 'ग्रिहा' नावाची पद्धत आहे. टेरी ही संस्था आणि केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून ती केली. पहिल्या तक्त्यात ३४ कसोट्या होत्या, १०० गुण होते. ५० मिळाले तर एक तारा, ९० च्या वर गेलं तर पाच तारे. केंद्र सरकारनं आपल्या नव्या इमारतींना किमान तीन तारे हवेत असं ठरवलं. पिंपरी-चिंचवड पालिकेनं तारे मिळवणाऱ्या बिल्डरला प्रीमियममध्ये आणि फ्लॅटवाल्याला मिळकत करात सूट दिली.

यावर वाद चालतो. कुणी म्हणतं, सरकारी बांधकामाला अशी सक्ती नको, खर्च वाढतो. कुणी म्हणतं, सक्ती कराच, वाढीव खर्च वीजबिलातून निघतो. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: सरकारी इमारतीला सक्ती हवीच. पैसा जनतेचा आहे. आणि शहरात जेवढं पाणी वाचेल तेवढं धरणावरचं ओझं कमी होईल, त्यात आपलाही फायदा आहे. पण हा हिशेब इमारतीच्या कुंपणापाशीच का थांबतो, हा आमचा सवाल आहे.

आधी पाणी घ्या. पिंपरी-चिंचवड पवना धरणाचं पाणी पितं. पवनेच्या अनेक धरणग्रस्तांना अजून बदली जमीन मिळालेली नाही. तेच पाणी बंद पाइपातून नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळ्या घातल्या. तिघं गेली, त्यात एक बाई होती. दिवस क्रांतिदिनाचा, आणि आपला जागतिक आदिवासी दिनही तोच. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून शहरानं आंद्रा आणि भामा आसखेडच्या पाण्यावर हक्क सांगितला: आंद्रातून दिवसाला १०० दशलक्ष लिटर, भामा आसखेडमधून १६७. इमारतीनं नळाचं पाणी किती वाचवलं याला गुण आहेत. ते पाणी ज्यांच्या रानातून, ज्यांची जमीन बुडवून आलं, त्यांचं पुनर्वसन झालं का, याला गुण नाहीत.

मग वीट घ्या. आपली कातकरी माणसं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. नवरा-बायको दोघं थापतात, पोरं शाळेबाहेर राहतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेलीच नसते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तक्त्यात बांधकामावरच्या मजुरासाठी संडास, पिण्याचं पाणी, सुरक्षितता याची कसोटी आहे, हे आम्ही मान्य करतो आणि ते चांगलं आहे. पण वीट जिथं थापली, खडी जिथं फोडली, तिथपर्यंत ती कसोटी जात नाही. हिरव्या इमारतीतली वीट उचलीच्या कर्जातून आलेली असेल, तर तिला आम्ही हिरवी कशी म्हणावी?

आता आपल्या घराकडं बघा. कारवीचा कूड, शेणमातीचा लिंपा, आईनाचे खांब, वर कौल किंवा गवत. माल दोन हाकांच्या अंतरावरचा, उन्हाळ्यात आत गारवा, घर मोडलं तर सगळं मातीला मिळतं. शहरात याच गुणांना तारे देतात. आपल्याकडं सरकारी यादीत याला 'कच्चं घर' म्हणतात, आणि कारवी तोडायला गेलं तर कोयता जप्त होतो.

आपलेच काही तरुण म्हणतील, 'आम्हाला स्लॅबचं घर पाहिजे, पुन्हा कुडात कशाला ढकलता?' त्यांचं खोटं नाही. दरसाल शाकारणी, आगीची भीती, विंचू-किरडू, हे आपण सोसलेलं आहे. कुणाला कुडात ठेवायचं नाहीच. पण घरकुलाच्या तुटपुंज्या पैशांत, डोंगरावर सिमेंट-वाळू वाहून नेऊन, जे चार भिंतींचं खोकं उभं राहतं, ते वैशाखात भट्टीसारखं तापतं आणि आषाढात गळतं. अंगणवाडी आणि आश्रमशाळेच्या पत्र्याखाली आपली लेकरं बसतात ती कशी भाजतात हे सांगायला नको. पक्कं आणि थंड दोन्ही मिळू शकतं: दगडाचं जोतं, पक्की मातीची वीट, प्रक्रिया केलेला बांबू, वर कौल. इंजिनिअरनं ते शिकावं, आणि काय हवं ते आपल्याला विचारावं.

विचारण्याचा कायदा आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता. आणि त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. बांबू हे गौण वनोपज आहे असं हाच कायदा सांगतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला. ते तिथं झालं, मग भीमाशंकरच्या डोंगरात का होऊ नये?

म्हणून आमच्या मागण्या:

१. हिरव्या बांधकामाची सक्ती आधी आश्रमशाळा, वसतिगृह, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्राला लावा. मुख्यालयाच्या काचेच्या इमारतीला नंतर.

२. वीट, खडी, वाळू कुठून आली आणि मजुराला काय मिळालं, याचा दाखला असल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका.

३. कारवी, बांबू, माती, कौल यांचं घर 'कच्चं' म्हणून हिणवू नका. घरकुलात माल निवडण्याचा हक्क घरातल्या बाईला द्या.

४. गावातल्या प्रत्येक सरकारी बांधकामाचा नकाशा ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा, मगच कुदळ मारा.

५. करात सूट देणाऱ्या शहरानं धरणग्रस्तांची बाकीही फेडावी.

येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडा. तोंडी नको, लेखी. ग्रामसेवकाकडून पोच घ्या आणि एक प्रत आपल्या संघटनेकडं पाठवा. पाड्यावर शाळा किंवा अंगणवाडी गळत असेल तर कुठल्या साली बांधली, ठेकेदार कोण, खर्च किती, हे फलकावरून उतरवून आणा. फलक नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. शहरातल्या वादात आपल्याला कुणी बोलावणार नाही. आपली कागदपत्रं घेऊन आपणच जायचं आहे.

जंगल-जमीन-पाणी आमच्या हक्काचं! जिंदाबाद!