पेढीवरचा माणूस व्यासपीठावर

मराठी समाजाला व्याख्यानांचे वावडे कधीच नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने घालून दिलेला पायंडा पुढे गावोगावी पोचला. या व्यासपीठांवर इतिहास बोलतो, अध्यात्म बोलते, साहित्य तर बोलतेच बोलते. मात्र गावातला सराफ, लाकडी घाणा चालविणारा किंवा छतावर सौर पॅनेल बसवून देणारा तरुण तेथे क्वचितच दिसतो. तो श्रोत्यांत बसतो. फार तर स्मरणिकेत पाव पानाची जाहिरात देतो.

यामागे एक जुना संकोच आहे. व्यावसायिकाने आपल्या व्यवसायाविषयी चारचौघांत बोलणे म्हणजे स्वत:चा ढोल स्वत: बडविणे, ही समजूत मध्यमवर्गात खोल रुजली आहे. ‘चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही’ हे वाक्य तर गिऱ्हाईक मॉलकडे वळल्यावरही अभिमानाने उच्चारले जाते.

वस्तुत: अनुभव नेमका उलट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. माल उत्तम होता. अडचण गिऱ्हाइकाच्या मनातील शंकेची होती आणि अशी शंका समोरासमोर बोलूनच फिटते. त्याच दशकात अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने गावोगाव हिंडून, लोकांशी बोलून स्वदेशी उद्योगासाठी एकेक पैसा गोळा केला. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. तेथे तर भांडवलच वाणीतून आले.

आजच्या लहान सराफाचे उदाहरण घ्यावे. दूरचित्रवाणीवर झळकणाऱ्या मोठ्या पेढ्यांशी तो जाहिरातीच्या खर्चात कधीच बरोबरी करू शकणार नाही. परंतु सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकण्यास दुकानदाराला बंदी आली, हे कितीतरी घरांत ठाऊक नसते. दागिन्यावर मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (बावीस कॅरटला ९१६) आणि तो क्रमांक अशा तीन खुणा असतात. क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर घातला की दागिना पडताळता येतो. हॉलमार्क शुद्धता सांगतो, घडणावळ रास्त की अवाच्या सवा, हे मात्र सांगत नाही. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला हे वीस मिनिटांत सांगून सराफाने आपले भिंग श्रोत्यांत फिरवावे. हातातली बांगडी जो तो तपासू लागेल, आणि ज्याने तपासायला शिकविले त्याचे नाव लक्षात राहील. दुकानाचा पत्ता ओळख करून देणाऱ्याने एकदा सांगितला, तरी पुरे.

येथेच अनेकांचे गाडे घसरते. आरोग्यावर व्याख्यान म्हणून बोलवायचे आणि अर्ध्या तासाने पिशवीतून डबे काढायचे, या साखळी-विक्रीच्या प्रकाराने श्रोता पुरता सावध झाला आहे. (त्यात चहा-फराळाचे आमिष असले, की तो अधिकच सावध होतो!) ज्या व्याख्यानाचा उपयोग काहीही विकत न घेता होत नाही, ते व्याख्यान नव्हेच. शेजारच्या उंच इमारतीची सावली छतावर दिवसभर पडत असेल, तर सौर पॅनेल बसवू नका, असे पॅनेल बसविणाऱ्यानेच व्यासपीठावरून सांगावे. त्या दिवशी एक गिऱ्हाईक हातचे जाईल. पण ज्यांच्या छतावर ऊन आहे, ते त्याच्याचकडे येतील.

‘आम्हांला बोलता येत नाही’ ही सबब फारशी टिकणारी नाही. पेढीवर हाच माणूस तासभर न थकता घाटांतील फरक समजावून देत असतो. अडचण होते ती ध्वनिवर्धकासमोर पुस्तकी भाषा आणण्याचा अट्टहास केल्यामुळे. पेढीवरची भाषाच तेथे आणावी आणि हातात कागदाऐवजी वस्तू असावी.

आयोजकांनीही थोडी वाट करून द्यायला हवी. सात दिवसांच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ गावातल्या कारागिराला मिळावी आणि तिचा निम्मा वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखावा. घडणावळ इतकी का, घाण्याचे तेल महाग का, हे प्रश्न लोक दुकानात भिडेपोटी विचारत नाहीत. सभागृहात ते बिनदिक्कत विचारतील.