जुनेच वाजवा!

कलावंताला छळणाऱ्यांची यादी आपल्याकडे ठरलेली आहे. तीत कंत्राटदार असतो, सरकार असते, फार तर टीकाकार असतो. चाहत्याचे नाव त्या यादीत कधी येत नाही; ते सर्वांच्या आधी यावे, असे माझे म्हणणे आहे. आणि चाहत्यांतही विशेषेकरून पन्नाशी ओलांडलेल्या रॉकच्या चाहत्याचे. मी त्याच जमातीत वाढलो, तेव्हा तिच्या चालीरीती मला घरच्या आहेत.

रॉक म्हणजे पोराटोरांचा धांगडधिंगा, त्यावर दिवाळी अंकाची पाने कशाला नासावी, असे कोणी म्हणेल. त्यांनी थोडा दम धरावा; बालगंधर्वांपर्यंत येणारच आहे.

मुंबईत धोबीतलावाजवळ, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन नावाचे उघडे नाट्यगृह आहे. १९७८ साली तिथे जाझ यात्रा सुरू झाली, आणि १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा मेळा तिथेच नावारूपाला आला. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, आसपास रुग्णालये आणि कॉलेज असल्यामुळे जागा शांतताक्षेत्रात मोडली, आणि २००३ च्या सुमारास तिथले गाणेबजावणे थांबले. त्या पायऱ्यांवर बसणाऱ्या श्रोत्यांबद्दल आता फार हळवे लिहिले जाते. पण त्या श्रोत्याला काय हवे असे? साहेबाच्या देशातल्या वाद्यवृंदांची गाणी, हुबेहूब, रेकॉर्डवर वाजतात तशी. कोणी स्वतःचे गाणे काढले की हुर्यो ठरलेली. १९८४ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’च्या मंडळींनी हा जाच सोसून स्वतःची गाणी रचली आणि १९८८ साली त्यांची ध्वनिफीत काढली. याच मंडळींनी १९९३ साली ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. १९९७ साली पांगापांग झाली, २०१० साली पुन्हा जमले, आणि २०१२ साली त्यांनी नवा संच काढला. हे शेवटचे वाक्य कितीजणांना ठाऊक आहे? जुन्या ध्वनिफितीचे नाव काढा, माणसे डोळे मिटून मान डोलावतात. म्हणजे पाहा, तेव्हा आम्ही म्हणत होतो, तुमचे नको, दुसऱ्याचे वाजवा. आता म्हणतो, तुमचेच वाजवा, पण तेव्हाचे! त्या माणसाने आज काय रचले आहे, हे ऐकून घ्यायला आम्हांला सवड ना तेव्हा होती, ना आज आहे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याबाहेर एका माळरानावर असाच मेळा भरला होता. त्यात साठीच्या घरातले दोघे वादक होते. नावे मुद्दाम देत नाही. त्यांनी तीन नवी गाणी वाजवली. पहिल्याला लोक बोलत राहिले, दुसऱ्याला बिअरच्या रांगेकडे वळले, तिसऱ्याला मागून आरोळी आली, “जुनं लावा की!” लावा! माणूस समोर घाम गाळतो आहे आणि त्याला सांगायचे ते ग्रामोफोनला सांगतात तसे. मग जुने लागले. लगेच हजार हात वर झाले आणि प्रत्येक हातात फोन.

कार्यक्रमानंतर ‘भेटीचा तंबू’ होता. तिकिटाच्या वर निराळे पैसे भरलेल्यांच्या मनगटावर निळा पट्टा. रांगेने पुढे सरकायचे, दोघांच्या मध्ये उभे राहायचे, फोटो, पुढे. पंढरपुरात मुखदर्शनाची रांगसुद्धा याहून सावकाश चालते, आणि तिथे पैसे पडत नाहीत. माझ्या मनगटावर पट्टा नव्हता. मला ते दोघे भेटले ते तासाभराने, मांडवामागे, आपापल्या तारा स्वतः गुंडाळत असताना. मी म्हटले, “नव्यांतलं दुसरं गाणं छान होतं, पण शेवट घाईनं आल्यासारखा वाटला.” थोरल्याने तार खाली ठेवली. “तुम्हांला पण वाटलं ना? मी याला तेच सांगतोय!” दुसरा उसळला. पुढची वीस मिनिटे ते त्या शेवटावर भांडत होते आणि मी नुसता ऐकत होतो. मध्येच थोरला म्हणाला, “तंबूत दीडएकशे माणसं येऊन गेली. एकानं या गाण्यांचं नाव काढलं नाही हो.”

आता बालगंधर्व. ‘वन्समोअर’ हा आमच्या संगीत रंगभूमीचा अलंकार समजला जातो. त्या वन्समोअरांनी नाटके पहाटेपर्यंत चालली, कथानकाचा चुथडा झाला, त्याचे कोणाला काही नाही. १८८८ साली जन्मलेल्या त्या माणसाला साठी उलटल्यावरही लुगडे नेसून नायिका म्हणून उभे राहावे लागले. लोक म्हणतात, ती त्यांची रंगदेवतेवरची निष्ठा. असेल. पण डोक्यावर कर्ज होते, आणि समोर बसलेल्यांना दुसरे काही नकोच होते, हेही खरे.

तिकिटाला पैसे मोजले, तेव्हा आवडते ऐकण्याचा हक्क आहे, हा युक्तिवाद मला पाठ आहे. हक्क आहे, पण तिकीट गाणाऱ्याचे काढलेले असते. नुसते गाणे हवे तर ते फोनमध्ये फुकटाच्या भावात पडले आहे. दुसरा युक्तिवाद अधिक वजनाचा: जुन्या गाण्यांवरच या म्हाताऱ्यांची चूल पेटते. मान्य. म्हणूनच मी जुने बंद करा असे म्हणत नाही. भाजीबरोबर कोथिंबीर मागावी तशी तीन नवी गाणी ऐकून घ्या, एवढेच म्हणतो. तीही गप्पा न मारता.

बॉब डिलनचे उदाहरण या बाबतीत चोख आहे. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत मेळ्यात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याच भक्तांनी हुर्यो केली. तीन गाणी वाजवून तो आत गेला आणि साधी गिटार घेऊन परत आला, तेव्हा मंडळी निवली. पण पुढच्या वर्षी मँचेस्टरला ‘जुडास’ अशी शिवी खाऊनही त्याने वीज सोडली नाही. ऐंशीच्या घरात गेल्यावर २०२० साली त्याने नवा संच काढला, २०२१ ते २०२४ या दौऱ्यात मुख्यतः तोच गायला, आणि श्रोत्यांचे फोन दाराशीच पिशव्यांत बंद करवले. लोक कुरकुरले आणि ऐकू लागले. डिलनला हे परवडते, कारण तो डिलन आहे. आमच्या माळरानावरच्या दोघांना फोन बंद करवण्याची सोय नाही. पुढच्या वर्षी त्यांना बोलावतील की नाही, हे तंबूतल्या निळ्या पट्ट्यांच्या संख्येवर ठरते.

तेव्हा संयोजकांना माझी सूचना आहे. तंबू ठेवायचाच असेल तर खुशाल ठेवा, पण त्यात दोन बाकडी टाका, फोटोवाल्याला बाहेर बसवा आणि आत शिरणाऱ्याला दारावर विचारा, आज वाजलेल्या नव्या गाण्यांपैकी एकाविषयी तुम्हांला काय म्हणायचे आहे? वाईट म्हणायचे असले तरी चालेल. ज्याला काहीच म्हणायचे नसेल, त्याचे पैसे परत करा.