चांगल्या घरी दिला

कुत्र्याबद्दल बोलताना "चांगल्या घरी दिला" हे वाक्य मी गेल्या तीन वर्षांत अनेकांच्या तोंडून ऐकलं. एकदा मी स्वतःही म्हटलं. म्हणून आता कुणी ते उच्चारलं की माझ्या तोंडून लगेच प्रश्न निघतो, "घर पाहिलंत का?"

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलांनी मला एक लॅब्रॅडॉर दाखवला. गळ्यावर पट्ट्याचा वळ, बरगड्या मोजता येतील असा, पण "बैस" म्हटलं की बसणारा. म्हणजे कुणीतरी शिकवलेला. नागभीड लहान गाव आहे, इथे असा कुत्रा लपून राहत नाही. चार दिवसांत त्याचा प्रवास कळला. नागपूरच्या एका ब्रीडरकडून एका कुटुंबानं तो पिल्लू असताना विकत घेतला. दोन वर्षांनी बदली झाली, नव्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नव्हता. त्यांनी तो मित्राला दिला. मित्रानं घोडाझरीच्या बाजूला असलेल्या आपल्या शेतावर ठेवला. शेतावरच्या राखणदाराला तो झेपेना, त्यानं दोर सोडला. या साखळीतल्या दोघांशी मी फोनवर बोलले. दोघंही मला सांगत होते की आम्ही चांगल्या घरी दिला. दोघांच्याही आवाजात खोटेपणा नव्हता. ब्रीडरचा नंबरही मिळाला. त्यांचं उत्तर सरळ होतं: विकलेलं परत घेत नाही.

मग मी काय केलं? आमच्या घरी अम्मींची नमाज, छोटं अंगण, वुजूचं पाणी तिथंच. कुत्र्याची लाळ लागली की कपडे धुवा, जागा धुवा. घरात ठेवणं शक्य नव्हतं. सातवीतल्या एका मुलाचे वडील म्हणाले, "द्या जी मॅडम, वावरात जागलीले कामी येईल." मला हायसं वाटलं. शेत मोकळं, माणसं भली, मुलाला कुत्र्याचा लळा. मी स्टाफरूममध्ये सांगितलं, चांगल्या घरी दिला.

एकोणिसाव्या दिवशी तो मुलगा दप्तरात नुसता पट्टा घेऊन आला. कुत्र्याला रात्री मांडवाच्या खांबाला बांधलं होतं. बिबट घेऊन गेला.

त्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही. त्यानं कुत्रा ज्या कामासाठी मागितला त्याच कामाला लावला. इकडे पिढ्यान् पिढ्या कुत्रा वावरातच असतो. चूक माझी होती. ज्या भागात मी जन्मापासून राहते, जिथला तालुका ब्रह्मपुरी वनविभागात येतो, जिथं घोडाझरीला 2018 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तिथं मी एक माणसाळलेला, शहरात वाढलेला, बिबट म्हणजे काय हे न कळणारा प्राणी रात्री खांबाला बांधण्यासाठी दिला आणि "रात्री कुठं झोपेल?" हा एक प्रश्न विचारला नाही.

बिबट्याला कुत्रा किती आवडतो हे आपल्याला ऐकून माहीत असतं, पण त्यावर मोजमाप करून काम झालेलं आहे, तेही महाराष्ट्रातच. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबानं, सुमारे 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्क्यांच्या आसपास. शेळ्यांपेक्षाही जास्त. आमचा भाग वेगळा, इथं जंगल दाट आहे, चितळ-रानडुक्कर आहे, पण खांबाला बांधलेला कुत्रा हरणासारखा पळत नाही. आणि कुत्र्यासाठी अंगणापर्यंत आलेल्या बिबट्याला त्याच अंगणात ओट्यावर झोपलेलं मूलही दिसतं. नागपूर-चंद्रपूरचा माणूस जेव्हा म्हणतो, "शेतावर दिला, मोकळा राहील बिचारा," तेव्हा त्याला या गोष्टीची कल्पना नसते. आम्हाला असते, तरी आम्ही हात पुढे करून घेतो.

एक बोलून दाखवते. कुत्रा विकणाऱ्याची आणि वाचवणाऱ्याची जबाबदारी तो दुसऱ्याच्या हातात दिला की संपते, असं आपण सगळेच धरून चाललो आहोत. माझं म्हणणं उलट आहे. ज्यानं दिला, त्यानं परत घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. ती तयारी नसेल तर देऊ नये, विकू नये, आणि पिल्लं जन्मालाही घालू नयेत.

आमच्याकडे यासाठी एक शब्द आहे, अमानत. मराठीत 'अनामत' म्हणून तो जवळपास तसाच आला, पण अर्थ डिपॉझिटपुरता उरला. अमानत म्हणजे तुमच्या हाती सोपवलेली, तुमच्या मालकीची नसलेली आणि जिचा हिशेब द्यायचा आहे अशी गोष्ट. हदीसमध्ये एका बाईची गोष्ट येते. तिनं मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, आणि बाहेर जाऊन आपलं आपण खायलाही सोडलं नाही. तिला त्याची शिक्षा झाली. लहानपणी मला वाटायचं की ही गोष्ट दयेबद्दल आहे. आता वाटतं, ती जबाबदारीबद्दल आहे. एकदा दार लावलंत की त्या जिवाच्या पोटाचा हिशेब तुमच्या नावावर चढला. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजून माफी मिळाल्याची हदीस सगळे सांगतात, मांजराची तितकी सांगत नाहीत.

आणि हो, कुत्र्याबद्दल आपल्या घरांत जे बोललं जातं तेही जरा तपासून घ्यायला हवं. सूरह अल-माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी कुत्र्यानं धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. सूरह अल-कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांच्या उंबऱ्याशी त्यांचा कुत्रा आहे, आणि त्यांच्या मोजणीत तोही धरला आहे. लाळ नापाक की नाही यावर इमामांमध्ये मतभेद आहेत, मालिकी मत सौम्य आहे. शिकार, गुरं आणि शेत यांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायला परवानगी आहे. घरात हौसेनं ठेवण्याला नापसंती आहे, हेही खरं. पण नापसंतीचा अर्थ दगड मारणं असा कुठल्याच इमामानं काढलेला नाही.

कायद्याकडे वळते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात प्राण्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आमच्या बसस्टँडवर दोघांचा चहा-नाश्ता होतो. याच कायद्याखाली 2017 मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम आले. ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिची पैदास करायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिला व्यायला लावायचं नाही, पिल्लाला मायक्रोचिप बसवायची, नोंदी ठेवायच्या. वाचायला छान आहे. नागपूरहून येणाऱ्या गाडीत बुटांच्या खोक्यात महिन्याभराचं पिल्लू मी स्वतः पाहिलं आहे.

त्यातही हस्की पाहिला की मला राग येतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात 46-47 अंशांच्या घरात जातो. इथं बर्फातला कुत्रा विकणाऱ्याला गिऱ्हाईक कुठं राहतं हे दिसत नाही का? दिसतं. एसीचं बिल परवडेनासं झालं की तो कुत्रा कुणाच्या तरी "चांगल्या घरी" जाणार, हेही दिसतं. इंग्लंडमध्ये 2020 च्या एप्रिलपासून सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या दलालाकडून विकायला बंदी आहे. ब्रीडरकडून थेट घ्या, आईसकट पिल्लू पाहा, नाहीतर आश्रयगृहातून घ्या. लूसी नावाच्या एका कुत्रीवरून त्याला लूसीज लॉ म्हणतात, तिला पैदाशीच्या कारखान्यातून सोडवलं होतं. यातली कामाची गोष्ट म्हणजे साखळी छोटी करणं. लॅब्रॅडॉरच्या गोष्टीत चार हात होते, मी पाचवी. प्रत्येक हातागणिक "हा कुणाचा?" याचं उत्तर पुसट होत गेलं.

आता वाचवणाऱ्यांबद्दल, आणि इथं मला जपून बोलावं लागेल, कारण ही मंडळी स्वतःच्या पगारातून कुत्र्यांची ऑपरेशनं करतात. तरीही बोलते. 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणांहून भटके कुत्रे हलवायला सांगितलं, आणि नसबंदी-लसीकरणानंतर पुन्हा तिथंच सोडू नका असंही म्हटलं. त्याआधी 22 ऑगस्टच्या आदेशात दिल्लीपुरतं असं म्हटलं होतं की कुणाला रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा असेल तर अर्ज करावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. हे वाक्य मला पूर्ण आदेशात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. संस्थांनी यासाठी एक नोडल अधिकारी नेमायचा होता. आमच्या शाळेत कुत्र्यांबद्दल बोलणारी एकच बाई होती, तिलाच नेमलं.

आवारात एक कुत्री आणि तिची चार पिल्लं होती. मी नागपूरच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. दोन तासांत तीन पिल्लांना "घरं" मिळाली. कुणी कुणाला एक प्रश्न विचारला नाही. कौतुकाचे बदाम तेवढे आले. मी तीनही थांबवली, तर ग्रुपमध्ये मीच वाईट ठरले.

दुसऱ्या एका ग्रुपचा अनुभव याच्या विरुद्ध. माझ्या मावसभावाला, तो उमरेडला राहतो, घराला कंपाउंड आहे, मोठी कुत्री हवी होती. त्यानं अर्ज भरला. फोन आला, नाव ऐकल्यावर समोरून विचारणा झाली, "तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?" त्यानं समजावून सांगितलं. नंतर फोन आलाच नाही. मला राग आला, पण रागाखाली एक गोष्ट होती ती मान्य करते. घरातल्या सगळ्यांना कुत्रा चालणार आहे का, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या स्वतःच्या घरात त्याचं उत्तर "नाही" होतं. फक्त तो प्रश्न प्रत्येकाला विचारायला हवा. सोवळं पाळणाऱ्या आजीच्या घरालाही, भाड्यानं राहणाऱ्या जोडप्यालाही, परदेशी जाण्याची तयारी करणाऱ्या इंजिनिअरलाही. आडनाव पाहून विचारायचा आणि आडनाव पाहूनच सोडून द्यायचा, यातून कुत्र्याचं काहीच भलं होत नाही.

आणखी एक गोष्ट जंगलाजवळ राहणाऱ्यांनी धरून बसावी, ती म्हणजे लस. नुसती रेबीजची नव्हे, डिस्टेंपरचीही. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया भागात तेवीस सिंह मेले, त्यांतल्या काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सिंहांचा सुमारे एक तृतीयांश कळप याच रोगानं गेला आणि संशयाची सुई गावकुत्र्यांकडे गेली. नागपूरच्या कुठल्याशा केनलमधून बिनलसीचं पिल्लू ताडोबाच्या कडेच्या गावात देणं म्हणजे वाघ, बिबट आणि रानकुत्र्यांच्या दारात रोग नेऊन ठेवणं.

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा आहे. लोकबिरादरी प्रकल्प 1973 मध्ये सुरू झाला आणि प्रकाश आमटेंनी आई मेलेलं माकडाचं पिल्लू घरी आणलं, तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय वाढत गेलं. लोक तिथं बिबट्याबरोबरचे फोटो आठवतात. मला आठवतं ते हे, की आणलेला प्राणी जंगलात परत जगू शकत नसेल तर तो तिथंच म्हातारा होतो. तो "चांगल्या घरी" पाठवला जात नाही, कारण घेतानाच शेवटपर्यंतचं धरलेलं असतं. प्रत्येकाला हे जमणार नाही. ब्रीडरला मात्र पाच पिल्लं विकताना एकासाठी एक रिकामा पिंजरा ठेवणं जमू शकतं. ग्रुपला दर दिलेल्या कुत्र्यामागे सहा महिन्यांनी एक फोन आणि एक फोटो जमू शकतो.

मी एक कागद केला आहे, मराठीत आणि मागे उर्दूत. रात्री कुठं झोपेल? घरातल्या कुणाचा नकार आहे का? गाव सोडावं लागलं तर? नसबंदीला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शंभरेक किलोमीटर नेणार का, की मी नेऊ? आणि शेवटी एक ओळ: ठेवता आलं नाही तर दुसऱ्या कुणाला न देता मलाच परत द्यावं. खाली त्यांची सही आणि माझी.

एक पिल्लू तळोधीच्या रस्त्यावरच्या दुकानदाराकडे गेलं, ते दुकानात शटरच्या आत झोपतं. दोन तलाठ्याच्या कुटुंबात, दोन्ही एकत्र. आईची नसबंदी झाली, ती एका राइस मिलच्या बंद आवारात आहे. चौथं पिल्लू उरलं. ते आमच्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीघराच्या पलीकडे, जाळीच्या आत असतं. अम्मी म्हणतात, "बेटा, घर में नहीं," आणि संध्याकाळी शिळ्या पोळीचे तुकडे दुधात कुस्करून ताट लांबून काठीनं सरकवतात. परवा एक गृहस्थ ते मागायला आले होते. कागद वाचला, पहिल्याच प्रश्नाशी थांबले. म्हणाले, "वावरात ठेवीन, मांडवाले बांधून."

मी नाही म्हटलं. ते विचार करून येतो म्हणाले आहेत.